ओढ्यापलीकडचे दोघे

“अगं, हे बूट काढतायत,” आई म्हणाली.

दुर्बीण तिच्या डोळ्यांना होती आणि ती तिनं इतकी घट्ट धरली होती, की मागून मिळण्याची आशाच नव्हती. नुसत्या डोळ्यांनी मला दिसत होतं ते एवढंच: ओढ्यापलीकडे दोन माणसं, एक खाकी टोपीतलं, एक निळ्या जाकिटातलं. खाकी टोपी म्हणजे माझे वडील, आप्पा. निळं जाकीट म्हणजे विक्रांत ढमढेरे. त्याच्याशी मला लग्न करायचं होतं आणि त्याचं नाव आमच्या घरात काढायची सोय नव्हती.

सकाळी हे दोघं घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे गेले होते. आता तोच ओढा गढूळ होऊन फुगला होता. त्याच्या पोटातून धोंडे घरंगळत होते आणि त्यांचा दणका पायाखालच्या जमिनीत जाणवत होता. शेजारी बसलेल्या आईशीही मला ओरडून बोलावं लागत होतं. पलीकडचा शब्द ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

“बूट कशाला काढतायत?”

“कशाला म्हणजे? इकडं यायला निघालेत!”

आमच्या साताऱ्याकडच्या डोंगरात ओढा ओलांडायची एक रीत आहे. बूट काढायचे, नाड्या एकमेकींत गुंतवून गळ्यात अडकवायचे, विजार गुडघ्याच्या वर दुमडायची आणि महादेवाचं नाव घेत आत शिरायचं. साताऱ्यातल्या अर्ध्या पोरांना ही रीत आप्पांनीच शिकवली होती. पण हा ओढा साताऱ्याचा नव्हता. त्यात शिरलेला माणूस खाली कुठं सापडला असता, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

आम्ही लडाखमध्ये होतो. लेहपासून एक दिवस गाडीनं आणि दोन दिवस पायी, रुमचुंग नावाच्या चार घरांच्या गावाच्याही पुढं. झाड नाही, गवत नाही, नुसते तपकिरी, जांभळे, राखी डोंगर. पावसानं ज्या डोंगरांना कधी न्हाऊ घातलं नाही ते असे दिसतात, हे मला तिथं कळलं. पलीकडच्या उतारावर कातळात कोरलेल्या रानबकऱ्यांची चित्रं होती, फार जुनी. आप्पांना ती बघायची होती. आईच्या गुडघ्यांनी नकार दिला म्हणून ती थांबली, आणि तिच्या सोबतीला म्हणून मी. खरं तर त्या दोघांना एकदा एकटं सोडावं, हा आम्हा मायलेकींचा कट होता. घोडेवाला रिगझिन रात्री भटकलेला घोडा शोधायला गेला होता.

सकाळी निघताना विक्रांत म्हणाला होता, “काका, ऊन डोक्यावर यायच्या आत परत ओढ्यावर यायला लागेल. दुपारी पाणी चढतं.”

आप्पांनी मान वर करून आभाळ पाहिलं. निळंशार, कुठं सुरकुती नाही.

“ढमढेरे, ढगाचा ठिपका नाही. पाणी काय तुमच्या सांगण्यावरून चढणार?”

“ढगाचं नाही काका, उन्हाचं. वरचं बर्फ...”

“मला ओढे शिकवू नका. तुम्ही तरी नकाच.”

विक्रांत सॅक आवळायला वाकला. आईनं दशम्यांचा डबा त्याच्या सॅकमध्ये सरकवला आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

लडाखचा ओढा पावसानं फुगत नाही, उन्हानं फुगतो. रात्री वरचं बर्फ गोठून बसतं, म्हणून पहाटे ओढा गरीब गाय असतो. ऊन तापलं की दुपारी त्याच गाईचा मारका रेडा होतो. आयुष्यभर सह्याद्रीतले ओढे ओलांडलेल्या माणसाला हे पटणं कठीण. आमच्याकडं काळं आभाळ बघून ओढ्याला भ्यायचं असतं. निळ्या आभाळाखाली कोण भितो? पण आप्पांच्या तोंडून ते शेवटचं वाक्य निघालं त्याचं कारण हे नव्हतं. त्याचं कारण पुष्कर होता.

रघूकाका शिंगटे हे आप्पांचे डोंगरातले जोडीदार. दोघांनी मिळून साताऱ्यात गिरिभ्रमणाचं मंडळ काढलं, पोरं तयार केली, एका ताटात जेवले, एका घोंगडीत झोपले. पुष्कर त्यांचा एकुलता एक मुलगा. मला भाऊ नाही, म्हणून दर भाऊबीजेला तो आमच्याकडं यायचा, ओवाळून घ्यायचा आणि ओवाळणीच्या नावाखाली माझ्याच पर्समधून पेन पळवायचा. एका पावसाळी मोहिमेवर कोयनेच्या खोऱ्यातल्या ओढ्यात तो वाहून गेला. मोहिमेचा म्होरक्या विक्रांत होता.

नंतर मंडळाची सभा झाली. आप्पांनी विक्रांतला सगळ्यांसमोर उभं करून प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, “सगळ्यांना घेऊन घरी येतो तो म्होरक्या. तुम्ही आला नाहीत.” विक्रांतनं मंडळ सोडलं. पुढं सातारा सोडला. उन्हाळ्यात तो लडाखमध्ये पाहुण्यांना डोंगरातून फिरवायचं काम करू लागला.

मी त्याच्याकडं भांडायला गेले होते. तो सातारा सोडायच्या आधीची गोष्ट. मनात साठलेलं सगळं मी बोलले. त्यानं एक सबब सांगितली नाही. नुसता “हो” म्हणत राहिला. समोरचा भांडतच नाही म्हटल्यावर भांडण अर्धवट राहिलं, म्हणून परत गेले. मग परत गेले. असं जाता जाता जे व्हायचं ते झालं.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. जातपात, पगार, पत्रिका, असलं आमच्या घरात कधीच काही नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “स्वरूपा, तुझ्या लग्नाची पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी रघूला. ती मी त्याला कुठल्या तोंडानं देऊ?”

पळून जाऊन लग्न करायचं माझं वय उलटून गेलं होतं, आणि आप्पांच्या मनाविरुद्ध करायचं माझ्यात बळ नव्हतं. विक्रांतचीही तीच गत. “काका हो म्हणाले तरच,” हे त्याचं पालुपद.

शेवटी आईनंच डोकं लढवलं. निवृत्तीनंतर लडाख बघायचं आप्पांचं जुनं स्वप्न होतं. आम्ही सगळं ठरवलं आणि लेहच्या विमानतळावर न्यायला उभा राहिला तो विक्रांत. आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, मग आम्हा दोघींकडं. “मायलेकी चांगल्याच पोहोचलेल्या आहात,” म्हणाले, आणि स्वतःची बॅग स्वतः उचलून गाडीकडं चालू लागले. त्या दिवसापासून ते त्याच्याशी ‘ढमढेरे, पाणी’, ‘ढमढेरे, थांबा’ एवढंच बोलत होते. आणि आता ते दोघं एका काठावर, आम्ही दुसऱ्या.

“मला दे की गं दुर्बीण!”

“थांब. विक्रांत आडवा उभा राहिलाय. हे हातानं सांगतायत, बाजूला हो. तो नाही म्हणतोय. हे ओरडतायत बहुतेक, मानेच्या शिरा दिसतायत. अगं बाई, ढकललं त्याला!”

मी उठून उभी राहिले. खाकी टोपी एका दगडावर बसली होती आणि विजार दुमडत होती. निळं जाकीट शेजारी उभं होतं. मग ते खाली वाकलं, काहीतरी उचललं आणि उतारावर चढायला लागलं.

“काय उचललं त्यानं? आई!”

आई काहीच बोलेना. तिचे खांदे हलत होते. मी घाबरून दुर्बीण ओढून घेतली.

विक्रांत आप्पांचे बूट घेऊन चालला होता. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा, मागं न बघता, भराभर. आणि आप्पा, ज्यांच्यापुढं मंडळातली पोरं मान वर करत नसत, ते अनवाणी, दुमडलेल्या विजारीनं त्याच्यामागं निघाले होते. दुपारच्या उन्हानं तापलेले दगड, त्यात तिथली ती बुटकी काटेरी झुडपं. दोन पावलं टाकायची, एक पाय वर धरायचा, मूठ उगारायची, परत दोन पावलं.

आई हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

“आई, हसतेस काय? संपलं सगळं! आता आप्पा जन्मात हो म्हणणार नाहीत.”

“नको म्हणू देत,” पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. “पाण्यात तर गेले नाहीत ना? मला तेवढं पुरे आहे.”

मला मात्र ते पुरेसं नव्हतं. मी आप्पांना ओळखून होते. त्यांचा अपमान झाला की ते चिडत नसत. ते माणूसच पुसून टाकत. मी त्या गोट्यांवर बसून राहिले आणि मनातल्या मनात विक्रांतला लाखोली वाहिली. समजावायचं, विनवायचं, पाया पडायचं. बूट कुठं पळवतात का?

पलीकडं उतारावर मेंढपाळांनी रचलेला दगडांचा एक आडोसा होता, छप्पर नसलेला. विक्रांत तिथं जाऊन बसला, बूट मांडीखाली घेऊन. आप्पा खालीच एका धोंड्यावर टेकले, त्याच्याकडं पाठ करून, आमच्याकडं तोंड करून. आईनं हात हलवला. त्यांनी हलवला नाही.

“रुसलेत,” आई म्हणाली. “लग्नात पण असेच बसले होते, जानवसघर आवडलं नाही म्हणून.”

दुपार सरेना. ओढा वाढतच होता. सकाळी ज्या खडकावर बसून मी तोंड धुतलं होतं तो पाण्याखाली गेला. समोरच्या डोंगराची सावली हळूहळू उतरू लागली तसा रिगझिन घोडा घेऊन परत आला. ओढा बघून त्यानं मान डोलवली, तोंडात दोन बोटं घालून एक लांब शीळ घातली. विक्रांतनं उठून दोन्ही हात गालाखाली जोडून दाखवले.

“सुबह आएँगे,” रिगझिन म्हणाला. “रात को पानी सो जाता है, आमा-ले. फिकर नहीं.”

“और ठंड?” आईनं विचारलं.

“ठंड तो है,” तो प्रामाणिकपणे म्हणाला आणि चूल पेटवायला बसला.

ऊन डोंगराआड गेलं आणि थंडी अशी आली, की जणू कुणी दार उघडंच टाकलं. आम्ही दोघी असेल ते सगळं अंगावर चढवून, एक घोंगडी दोघींवर ओढून तिथंच बसून राहिलो. तंबूत जायला कुणीच तयार नव्हतं. दुर्बीण आळीपाळीनं फिरत होती.

“विक्रांत खाली उतरलाय. जाकीट काढून ह्यांच्यासमोर धरलंय.”

“घेतलं?”

“छे. हे बघत पण नाहीत. ठेवलं त्यानं शेजारच्या दगडावर. गेला परत वर.”

थोड्या वेळानं मी पाहिलं तर विक्रांत काटक्या आणि वाळलेलं शेण गोळा करत होता, नुसत्या स्वेटरवर. जाकीट दगडावर तसंच. आप्पांनी हात काखेत दाबून धरले होते. दोघंही हट्टी, दोघंही माझेच, आणि मधे जाकीट.

“आता बघ,” आई म्हणाली, “आधी टोपी नीट करतील, मग खोकतील, मग घेतील. आजारी असताना औषध असंच घेतात.”

टोपी नीट झाली. खोकला ऐकू येण्यासारखा नव्हता, पण झाला असावा. आप्पांनी जाकीट उचललं आणि घातलं.

“आणि आता पोरगं कुडकुडेल की गं,” आई म्हणाली.

आडोशात जाळ दिसू लागला. आप्पा बराच वेळ धोंड्यावरून त्या जाळाकडं बघत राहिले, मग उठले. चढताना त्यांचे पाय दुखत होते, हे इतक्या लांबूनही कळत होतं. विक्रांत उतरून हात द्यायला आला. तो हात त्यांनी घेतला नाही, पण तो शेजारून चालत राहिला तेव्हा त्याला हाकललंही नाही. ते जाळापाशी बसले. डबा उघडला गेला. दशमी मोडून अर्धी अर्धी झाली.

“खाल्ली?”

“खाल्ली. चटणीपण मागितली. बोट दाखवलं डब्याकडं.” मग आई थांबली. “बूट दिले त्यानं.”

“परत दिले?”

“हो. समोर ठेवले. हे घालत नाहीयेत, नुसते बघतायत. विक्रांत काहीतरी सांगतोय. खाली मान घालून... अजून सांगतोय.”

“आप्पा काय करतायत?”

आईनं दुर्बीण अजून घट्ट धरली.

“ह्यांनी टोपी काढली,” ती म्हणाली.

मी दुर्बिणीसाठी हात पुढं केला. तिनं दिली नाही. तिनं ती डोळ्यांवरून खाली घेतली, झाकणं लावली आणि पिशवीत ठेवून दिली.

“बास आता. आपण बघायचं नाही.”

उजाडताना मी बाहेर आले तर आवाजच नव्हता. ओढा गोट्यांमधून झुळझुळत होता, कालचा तो हाच यावर विश्वास बसू नये असा. पलीकडून दोघं उतरत होते. आप्पांनी पाण्याशी येऊन बूट काढले, नाड्या गुंतवून गळ्यात अडकवले. विक्रांत आधी पाण्यात उतरला, आणि आप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून आले. मायेनं की पाय दुखत होते म्हणून, मला कळेना.

अलीकडं येऊन ते आईला म्हणाले, “चहा टाक गं.” एवढंच.

त्यांच्या तळव्यांत काटे भरले होते. आई पिन घेऊन ते काढायला बसली. विक्रांत घोड्यांकडं निघून गेला. मी त्याच्यामागं गेले.

“काय झालं? काय म्हणाले?”

“काही नाही.”

“रात्रभर दोन माणसं बसली आणि काही नाही?”

“खूप थंडी होती,” तो म्हणाला आणि घोड्याचा पट्टा आवळू लागला. असा माणूस.

परतीच्या वाटेवर आई घोड्यावर, रिगझिन पुढं, विक्रांत सगळ्यात मागं. आप्पा लंगडत माझ्याबरोबर चालत होते. ती वाट एका खिंडीकडं चढते. तिथं चार पावलांना एक थांबा. एका थांब्याला ते धापा टाकत म्हणाले,

“पुष्करनं पण बूट काढले होते. ठाऊक होतं तुला?”

“नाही.”

“मलाही नव्हतं. ओढ्याच्या काठावर बसून काढले होते. म्हणाला, मी पोहून जातो, दोर पलीकडं बांधतो. ह्यानं सांगितलं, नाही जायचं, बूट घाल. तो हो म्हणाला. मागं एका मुलीचा पाय मुरगळला होता, तिला आणायला हा वळला. परत आला तर दगडावर नुसते बूट.”

आम्ही चालायला लागलो. पुढच्या थांब्याला ते दगडावर टेकले.

“काल मी ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, ओढ्यात माणूस घालवलेला तू, मला अडवतोस? बूट चोरतोस? तेव्हा काही बोलला नाही. रात्री म्हणाला, काका, त्याला मी तोंडानं सांगितलं होतं. तोंडानं सांगून भागत नाही. बूट उचलायला हवे होते.”

समोर आईच्या घोड्याची शेपटी हलत होती, तिच्याकडं मी बघत राहिले.

“सभेत मी त्याला पाऊस विचारला, दोर विचारला, निघायला उशीर का केला ते विचारलं,” आप्पा म्हणाले. “हे विचारलंच नाही. आणि तो आपणहून बोलला नाही.”

“का नाही बोलला?”

“मीही तेच विचारलं. म्हणाला, रघूकाका समोर बसले होते. पोरानं ऐकलं नाही, हे बापाच्या तोंडावर कसं सांगायचं?”

आप्पा रडणारे नव्हते. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं, परत घातली.

“मीपण काल ऐकलं नव्हतं,” ते म्हणाले. “आणि हे बघ, हे रघूच्या कानावर कधी जायचं नाही. तू नाही, तुझी आई नाही. कळलं?”

ते कधी गेलं नाही. आता रघूकाका नाहीत, काकूही नाहीत, म्हणून एवढं सांगते आहे.

खिंडीच्या माथ्यावर दगडांच्या राशीवर रंगीत पताका फडफडत होत्या. आम्ही टेकलो. मागून विक्रांत येताना दिसत होता, अजून बराच खाली. मला आता राहवेना.

“आप्पा, मग...”

“रघूला पत्रिका मी देणार नाही,” ते म्हणाले.

इतकं सगळं होऊन शेवटी तेच.

“मी दिली तर माझ्या तोंडाकडं बघून तो घेईल. ते खरं नव्हे. ह्यानं स्वतः जायचं, ह्यानं हातात द्यायची. मी नुसता बरोबर जाईन.” मग खाली बघून ते ओरडले, “विक्रांत! पाय उचल की जरा! म्हातारा पोहोचला तुझ्याआधी!”

विक्रांत जागीच उभा राहिला. मग तो त्या खिंडीत धावत चढला. तिथं शहाणं माणूस धावत नाही. वर आल्यावर त्याला बोलता येईना, आणि ते धापेमुळं म्हणून खपून गेलं.

दिवाळीनंतर ते दोघं रघूकाकांकडं गेले. मी गेले नाही. मला आप्पांनी नेलंच नाही. परत आल्यावर आईनं विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, “घेतली. वाचली. फळीवर ठेवली. वहिनींनी चहा दिला.”

“आणि भावजी काय म्हणाले?”

“काही नाही म्हणाला.”

“येतो म्हणाले का?”

“नाही गं. काही नाही म्हणाला म्हणजे काहीच म्हणाला नाही.”

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या तरी रघूकाका आले नव्हते. आप्पा कार्यालयाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होते आणि प्रत्येकाच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत होते. जेवणाच्या पंगती बसू लागल्या. इकडं होम पेटला. मी विक्रांतच्या शेजारी पाटावर बसले होते, आणि खरं सांगते, लग्न लागल्याचा आनंद मला होत नव्हता. तो नुसता जाळाकडं बघत होता.

गुरुजी म्हणाले, “मुलीचा भाऊ कोण? या, कानपिळीला या.”

नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम द्यायचा, असा तो आमच्याकडचा विधी. सगळे त्या वेळी हसतात, फोटोवाला पुढं सरसावतो. माझा मावसभाऊ केतन नवा सदरा घालून तयारच होता. तो उठला.

“थांब रे,” मागून कुणीतरी म्हणालं.

रघूकाका होते. कधी आले ते कुणालाच कळलं नव्हतं. फार वाळले होते, धोतराचा सोगा हातात धरला होता. काकू खांबाशी उभ्या होत्या. केतन बाजूला झाला. माणसं सरकली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

ते विक्रांतच्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनी त्याचा उजवा कान धरला आणि पिळला. कानपिळीला नुसतं धरल्यासारखं करतात. त्यांनी खरंच पिळला, दातओठ खाऊन, आणि सोडला नाही. कुणी हसलं नाही. विक्रांतनं मान हलवली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यानं पुसायला हात उचलला नाही.

“हिला घेतल्याशिवाय घरी यायचं नाही,” रघूकाका म्हणाले. “कुठंही गेलास तरी. ऐकलंस?”

“ऐकलं, काका.”

रघूकाकांनी कान सोडला. मग तोच हात त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि आप्पांकडं वळून म्हणाले, “कमलाकर, मला भूक लागली आहे.”

आप्पा त्यांना हाताला धरून पंगतीकडं घेऊन गेले. विक्रांतचा कान संध्याकाळपर्यंत लाल होता.